'कारण' नावाचा रकाना



या व्याख्यानाचे निमंत्रण द्यायला मंडळाचे कार्यवाह घरी आले होते. विषय ऐकला तसा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "डॉक्टर, बोला तुम्ही, पण आधी मला एक सांगा. ज्याने त्याने आपल्या मर्जीने प्यायचं, ओढायचं, घासायचं. मग यकृत गेलं, जबडा गेला की खर्च माझ्या करातून. मर्जी त्यांची आणि बिल माझं, हे कसं काय?" त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न रास्त आहे, आणि पहिल्या रांगेत बसून ते आता उत्तराची वाट पाहताहेत.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात लहानपणी मी आईचे बोट धरून जात असे. भिंतीला एक पत्र्याचा डबा टांगलेला होता, फी त्यात टाकायची. कोणी किती टाकले हे ते कधी बघत नसत. मात्र आजार कशाने आला हे फार खोदून विचारत. काल काय खाल्लंस, कुठलं पाणी प्यालास, रात्री कुठे झोपलास. रायपूरच्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातले एक काका रोज संध्याकाळी 'घेत'. गल्लीत कोणी त्याचा उच्चार करत नसे, पण डॉक्टर सगळ्यांसमोर विचारायचे, "काल किती घेतली? आणि शेवटची किती वाजता?" काका ओशाळून आकडा सांगत. डॉक्टर तो लिहून घेत आणि औषध देत.

माणूस कशाने आजारी पडला हे विचारण्याची दोन कारणे असतात, हे मला पुढे तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत कळले. एक, त्याला बरे करायला. दुसरे, त्याला परत पाठवायला.

त्या नंतरच्या तीन वर्षांबद्दल आधी बोलतो, कारण त्यात माझाही हात आहे. निवृत्त झाल्यावर मी रायपुरातच एका टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यामध्ये बसून क्लेम तपासणाऱ्या कचेरीत, डॉक्टर म्हणून लागलो. तो स्मार्ट कार्डाचा काळ होता. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना 2008 मध्ये सुरू झाली. नोंदणी 30 रुपये, घरातली पाच माणसे, वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतचा उपचार. आपल्या छत्तीसगढने 2012 मध्ये त्यावर स्वतःची मुख्यमंत्री स्वास्थ्य विमा योजना घालून दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांनाही कार्ड दिले. गरीब माणूस खिशात पैसे नसताना खाजगी रुग्णालयाची पायरी चढू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. योजनेला नावे ठेवायला मी इथे उभा नाही.

पण त्या योजनेला वगळलेल्या गोष्टींची एक यादी होती. युद्धात झालेली जखम वगळलेली, आत्महत्येचा प्रयत्न वगळलेला, वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले. आणि त्याच यादीत एक ओळ होती: दारू किंवा अमली पदार्थांमुळे उद्भवलेला आजार. एवढीच ओळ. 'उद्भवलेला' म्हणजे किती, हे कुठे लिहिलेले नव्हते. ते ठरवायला कचेरीत मी होतो.

गुढियारीच्या बाजारात पोती वाहणारा एक हमाल. वय बेचाळीस. रात्री सायकलवरून पडला, मांडीचे हाड मोडले. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने प्रामाणिकपणे लिहिले होते: तोंडाला दारूचा वास, रोज पितो. माझ्या टेबलावर कागद आला. यादी समोर होती. मी नामंजूरचा शिक्का मारला. जेवणाच्या सुट्टीच्या आत असे वीस-पंचवीस कागद हातावेगळे करावे लागत, हा खुलासा आहे, समर्थन नाही.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको कचेरीत आली. तिला कोणी पत्ता दिला देव जाणे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड. तिने भांडण केले नाही. एवढेच म्हणाली, "पीथे त पीथे साहेब, फेर गोड़ ह तो दारू नइ पिए हे." तुम्हाला अर्थ सांगायला नको, पण छापील मजकूर नागपूर-पुण्याकडेही जाईल म्हणून सांगतो: पितो तर पितो साहेब, पण पायाने काही दारू प्यायलेली नाही.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तिला नियम दाखवला. नियम इंग्रजीत होता.

पुढे काय झाले ते सांगतो. असे पाच-सात क्लेम परत गेल्यावर रुग्णालये शहाणी झाली. कोणी परिपत्रक काढले नाही, कोणी बैठक घेतली नाही. केसपेपरवर 'व्यसन' या शब्दापुढे सगळीकडे 'नाही' येऊ लागले. छत्तीसगढ एका रात्रीत निर्व्यसनी झाले. आणि मग एक दिवस एक जाडसर फाईल आली. तसाच माणूस, तसेच मोडलेले हाड, शस्त्रक्रिया उत्तम झालेली. व्यसन: नाही. दारूचा इतिहास: नाही. दुसऱ्या दिवशी रात्री सिस्टरने लिहिले आहे, रुग्णाला झोप नाही, हात थरथरतात. तिसऱ्या दिवशी: चादर चिमटीत धरून ओढतो, अंगावर मुंग्या चढताहेत म्हणतो, मुलाला ओळखत नाही. हात खाटेला बांधले. सलाईन चालू. पाचव्या दिवशी फाईल संपते. त्याच्यापुढे पाने नाहीत.

रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हे होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हा भ्रम. एमबीबीएसच्या मुलालाही हे ठाऊक असते. रोज पितो हे लिहिलेले असेल तर दाखल करतानाच औषध सुरू होते. साखरेच्या सलाईनआधी थायमिनचे, म्हणजे जीवनसत्त्व ब-1 चे इंजेक्शन जाते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. औषधे महाग नाहीत. पण ज्या माणसाला व्यसन 'नाही', त्याला ती कोण देणार?

तो क्लेम स्वच्छ होता. मी मंजूर केला.

खरे लिहिलेला कागद मी परत पाठवला आणि खोटे लिहिलेल्या कागदाचे पैसे दिले. कार्यवाह, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. 'ज्याची चूक त्याचा खर्च' हा नियम कागदावर फार न्याय्य दिसतो. रुग्णालयात तो उतरला की पहिल्यांदा मरतो तो खरेपणा, आणि त्याच्या मागोमाग माणूस. ज्या 30,000 रुपयांची राखण करायला मला बसवले होते, ते तर गेलेच. त्याच काळात, 2012 साली, याच कार्डावर आपल्या राज्यात गरज नसताना बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण उघडकीस आले, हेही विसरू नका. त्या बायकांच्या व्यसनाबद्दल कोणी विचारले नव्हते. ते कागदही स्वच्छ होते.

हा 'कारण' नावाचा रकाना जुना आहे. आपल्या भागापुरते बोलायचे तर सव्वाशे वर्षांहून जुना.

1893 मध्ये ब्रिटिश सरकारने गांजा, चरस आणि भांग यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. हिंदुस्थानभर फिरून 1,193 साक्षी घेतल्या. आपला तेव्हाचा मध्यप्रांत त्यात महत्त्वाचा होता, कारण खंडव्याकडे गांजाची शेती होती आणि तो माल दूरदूर जात असे. विलायतेत ओरड चालली होती की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत. आकडे होते, तक्ते होते. आयोगाने एक साधी गोष्ट केली: तक्ते बाजूला ठेवून 1892 सालचे एकेक प्रकरण उघडून पाहिले. तेव्हा कळले ते असे. रस्त्यावर भरकटणारा माणूस पोलिस पकडून आणत. फॉर्मवर वेडाचे कारण लिहिणे सक्तीचे. घरचा माणूस कोणी नाही. शिपाई विचारी, गांजा ओढतो का? ओढत असेलही, त्या काळी बैरागी कोण ओढत नव्हता! लिहा, गांजा. इस्पितळाचा कारकून तेच आपल्या वहीत उतरवी, आणि वर्षाअखेरीस त्याचा आकडा कलकत्त्याला जाई. आयोगाने पुन्हा तपासल्यावर गांजाच्या खात्यावर मांडलेली निम्म्याहून जास्त प्रकरणे टिकली नाहीत. बेताने घेणाऱ्यांना फारसा अपाय होत नाही आणि सरसकट बंदी घालू नये, असे 1894 च्या अहवालात आयोगाने लिहिले. बंदी नको म्हणण्यात महसुलाचाही विचार असणार; इंग्रज होते ते. पण त्या रकान्याबद्दल त्यांनी जे शोधले ते मला माझ्या टेबलावर बसल्या बसल्या दिसत होते. फॉर्मला कारण हवे असते, आणि जे कारण सगळ्यात सोयीचे तेच लिहिले जाते.

आता मर्जीबद्दल. व्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द मी हलका मानत नाही. प्रौढ माणसाने आपल्या घरात बसून काय प्यावे, हे शेजाऱ्याने किंवा ठाणेदाराने ठरवू नये असेच माझे मत आहे. ते ऐकून इथले काही ज्येष्ठ नाराज होतील, व्हावे. आपल्या राज्यात तर कायद्यानेच एका समाजाचे हे स्वातंत्र्य मान्य केले आहे. आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरासाठी, पूजेसाठी, लग्नकार्यासाठी पाच लिटरपर्यंत मोहाची दारू ठेवता येते, विकता येत नाही. बस्तरात देवाला मोहाची धार दिल्याशिवाय सण होत नाही. त्यात मला काही वावगे दिसत नाही.

पण मर्जी म्हटले की मर्जीला खतपाणी कोण घालतो हेही पाहावे लागते. 2017 च्या एप्रिलपासून छत्तीसगढमध्ये दारूची दुकाने ठेकेदारांकडून काढून सरकारच्या महामंडळाकडे आली. आमच्या रायपूरच्या मराठीत दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात; आता ती सरकारी भट्टी झाली. 2018 च्या निवडणुकीत काँग्रेसने दारूबंदीचे आश्वासन दिले, पाच वर्षे राज्य केले, बंदी आली नाही. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दुकाने बंद असताना सरकारने ऑनलाइन मागवलेली दारू घरपोच द्यायला सुरुवात केली. त्याच्या आदल्याच महिन्यात या शहरात ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते. तुमच्यापैकी कित्येकांनी फिरवला आहे. मी कुठल्याच पक्षाचा नाही. जीएसटी आल्यावर राज्यांकडे स्वतःचे म्हणावेत असे मोठे कर थोडेच उरले आणि त्यांत मद्यावरचा कर हा हमखास येणारा. खुर्चीवर कोणीही बसले तरी त्याला हे गणित सोडवत नाही.

म्हणजे कार्यवाह, तो पिणारा हमालही करदाता आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा नियमित. आपण वर्षातून एकदा कर भरतो आणि सीएला विचारून भरतो. तो रोज संध्याकाळी भरतो, सूट मागत नाही. सरकार त्याचा विक्रेता आहे. आणि विक्रेत्याची जबाबदारी काय असते?

कौटिल्याने हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी येतो, म्हणजे त्या काळच्या महामंडळाचा व्यवस्थापकीय संचालकच म्हणा. पानगृहे कशी असावीत, बसायला-झोपायला काय असावे, सगळे आहे. तिथे एक नियम आहे: गिऱ्हाईक पिऊन झोपी गेले आणि त्याच्या चीजवस्तू हरवल्या, तर दुकानदाराने त्यांची भरपाई द्यावी आणि वर तेवढाच दंड भरावा. पिणाऱ्याने आपल्या मर्जीने प्यायली होती, हे कौटिल्याला माहीत नव्हते असे नाही. तरी नुकसान विक्रेत्याच्या खाती. अंगठी गेली तर भरपाई. मग यकृत गेले तर?

जाता जाता, आठव्या अधिकरणात हाच कौटिल्य 'व्यसन' हा शब्द आपत्ती या अर्थाने वापरतो. राजाचे व्यसन, कोशाचे व्यसन, सैन्याचे व्यसन. दारू आणि जुगार त्यातलेच. मराठीत येता येता शब्दाचा अर्थ आक्रसून दोष झाला. मूळ अर्थ संकट असा आहे, आणि कुणी संकटात सापडला म्हटल्यावर आपण त्याला पहिल्यांदा 'कसा सापडलास' असे विचारत नाही.

भारतीय राज्यघटनेनेही दोन्ही गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या आहेत. अनुच्छेद 47 वाचा. पोषणमान उंचावणे, सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य, आणि त्याच अनुच्छेदात पुढे मादक पेये आणि अपायकारक द्रव्ये यांच्यावर बंदी आणण्याचा प्रयत्न. आरोग्य आणि नशा एकाच अनुच्छेदात. सरकारांनी त्याचे तुकडे करून एक अबकारी खात्याला दिला आणि दुसरा आरोग्य खात्याला. दोघांची गाठ पडत नाही. 1880 मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि त्यांनी दारूच्या दुकानांना परवाने देण्याला लेखी हरकत घेतली होती. एकाच नगरपालिकेने शहराच्या आरोग्याची काळजी वाहायची आणि गुत्त्यांनाही जागा द्यायची, यातली विसंगती आपण आजही चालवतोच आहोत.

आता एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे कडू गंमत. आपली सहानुभूती सगळ्या नशांना सारखी नसते. गुडाखू घ्या. तंबाखू आणि गुळाची काळी लुकण, चपट्या गोल डबीत मिळते. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची आणि उंबऱ्यात डोके धरून दोन मिनिटे बसायचे, चक्कर उतरेपर्यंत. दिवसातून चारदा घासणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. दात घासायचे म्हणून पाच वर्षांच्या नातीच्या बोटावरही देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत छत्तीसगढमध्ये 17 टक्के बायका आणि 43 टक्के पुरुष तंबाखू वापरताना आढळले. देशभरात बायकांचे हे प्रमाण 9 टक्के आहे. या आज्यांना तोंडाचा कॅन्सर होतो तेव्हा त्या मेकाहाराच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या, कॅन्सर विभागात येतात, कार्डावर ऑपरेशन होते, किरणोपचार होतात, आणि कुणीही त्यांना म्हणत नाही की तुम्हीच घासली होती ना? म्हणू नयेच. जिलबी-समोसे खाऊन मधुमेह झालेल्या आपल्यासारख्यांनाही कोणी म्हणत नाही. यादीतली ओळ फक्त दारू आणि गर्दवाल्यांसाठी होती. कारण त्यांचा आपल्याला राग येतो. रागाचे कलम विम्याच्या करारात घातलेले होते, बाकी काही नाही.

राग यावा अशी वागणूक असते, हेही खरे. एका खोलीच्या घरात वैयक्तिक स्वातंत्र्य असे काही उरत नाही. त्याच पाहणीत देशपातळीवर असे आढळले की ज्यांचे नवरे वरचेवर पिऊन तर्र होतात, त्या बायकांपैकी 70 टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली आहे; न पिणाऱ्यांच्या बायकांत ते प्रमाण 23 टक्के आहे. स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणारी शहरी मंडळी या बाईला हिशेबात धरत नाहीत, म्हणून त्यांचे लेख मला पोकळ वाटतात. मारणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना गेला पाहिजे. पण त्यासाठी कोर्ट आहे, ठाणे आहे. कॅज्युअल्टी त्याची जागा नाही. 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: समोरचा निरपराध असो की गुन्हेगार, डॉक्टरचे पहिले काम जीव वाचवण्याचे. गुन्हेगाराला जो हक्क मिळाला, तो आपण दारुड्याला नाकारत होतो.

बंदीने सुटेल म्हणणारे पुष्कळ आहेत. आपल्या शेजारी गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. लोकांच्या आंदोलनातून आलेली, डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्यासारख्यांनी गावोगाव रुजवलेली. 2016 पासून 'मुक्तिपथ'च्या रूपाने तिथे उपचाराचीही जोड आहे. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. मंत्रालयातून आलेली बंदी मंत्रालयातूनच जाते, एवढेच त्यावरून मला दिसते. 2022 च्या जुलैत आपल्याकडचे माजी आरोग्यमंत्री, मस्तुरीचे आमदार डॉ. कृष्णमूर्ती बांधी यांनी वेगळाच तोडगा सुचवला होता: दारूऐवजी भांग-गांजाकडे लोकांना वळवा, त्यांच्या नशेत माणूस गुन्हे करत नाही. दोन दिवस वर्तमानपत्रांची करमणूक झाली. मॅकवर्थ यंग असता तर त्याने खुर्ची ओढून त्यांची साक्ष नोंदवली असती.

मला जे उदाहरण जवळचे वाटते ते आपल्याच राज्यातले, दल्ली राजहराचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारे गाव. 1977 मध्ये तिथे कंत्राटी खाणकामगारांची छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ ही संघटना उभी राहिली, शंकर गुहा नियोगींच्या पुढाकाराने. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिस गोळीबारात कामगार मारले गेले. लढून मजुरी वाढली, आणि लक्षात आले की वाढलेली मजुरी भट्टीत जाते आहे. तेव्हा संघटनेने दारूविरुद्ध मोहीम काढली. सरकारने नव्हे, कामगारांनी स्वतः, आपल्याच बायका-पोरांसमोर शपथा घेऊन. दारूच्या धंद्यातली माणसे दुखावली, हे ओघाने आलेच. पुढे कुसुमबाई नावाची संघटनेची पदाधिकारी बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने गेली. कामगारांनी वर्गणी काढली, विटा वाहिल्या, श्रमदान केले आणि 3 जून 1983 ला शहीद हॉस्पिटल उघडले. बिनायक सेन, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तिथे येऊन राहिले. 1991 च्या सप्टेंबरात नियोगींचा भिलाईत खून झाला. हॉस्पिटल चालूच राहिले.

या लोकांनी 'ज्याची चूक त्याचा खर्च' असे म्हटले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पैसा त्यांच्या घामाचा होता, आपल्यासारखा टीडीएस कापून गेलेला नव्हता. त्यांनी दारूशी भांडण केले ते भट्टीच्या दारात आणि युनियनच्या सभेत. हॉस्पिटल त्यांनी आजारपणासाठी बांधले. दोन्ही कामे एकाच संघटनेने, एकाच वर्गणीतून केली. हे मला अनुच्छेद 47 चे सगळ्यात चांगले भाष्य वाटते.

कायदा आता बराच पुढे आला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये झाला, मे 2018 पासून अमलात आला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्था धरल्या आहेत. सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि शारीरिक आजाराला विमा मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे, असे तो सांगतो. असे असूनही 2019 मध्ये विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित वगळणुकींत दारू-अमली पदार्थांचे व्यसन 'आणि त्याचे परिणाम' आहेतच. आयुष्मान भारतच्या वगळलेल्या गोष्टींतही व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आला, पण मानसोपचाराच्या पॅकेजांमध्ये नशेतून होणाऱ्या विकारांना जागा मिळाली. म्हणजे एका दाराने बाहेर, दुसऱ्या दाराने आत. गरिबाला कुठले दार कुठे आहे हे कोण सांगणार? अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातही असेच एक दार आहे, कलम 64-अ: थोड्या मालासह पकडला गेलेला व्यसनी माणूस आपण होऊन उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालत नाही. झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याच्या औषधावर जगणारी पोरे या शहरात कमी नाहीत. त्यांना नशा करण्याबद्दलच्या कलम 27 ची शिक्षा पाठ असते, 64-अ कुणी सांगितलेले नसते.

आणि उपचार मागायला येतात तरी किती? एम्सने 2019 मध्ये केंद्र सरकारसाठी देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. दारू पिणाऱ्यांच्या प्रमाणात छत्तीसगढ सगळ्यात वर, 35 टक्क्यांहून जास्त. दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांत एकाला काही ना काही उपचार मिळतो. दाखल होऊन मिळतो तो 180 मध्ये एकाला. आपण ज्यावरून भांडतो आहोत तो खर्च मुळात होतच नाही, कार्यवाह. तुमच्या करातून जो जातो आहे तो पाचव्या दिवशी संपणाऱ्या फायलींवर.

पुण्याला 1986 मध्ये अनिल अवचट आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, सरकारी इमारतीत. सरकारी छप्पर, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी, आणि बरे झालेल्या व्यसनी मित्रांचे हात. आपल्याकडे आरोग्य केंद्राच्या एका खोलीत, आठवड्यातून एका संध्याकाळी असे काही सुरू करायला कुठले विधेयक लागत नाही. खोली लागते आणि ज्याला ऐकायची सवय आहे असा एक माणूस.

दोन महिन्यांपूर्वी माझी नात इंटर्न म्हणून एका रुग्णालयात रुजू झाली. पहिल्या रात्रपाळीनंतर सकाळी घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "आजोबा, सिनिअर म्हणतात व्यसनाच्या जागी काही लिहू नकोस, क्लेमला त्रास होतो." यादी बदलली, कार्डे बदलली, योजनांची नावे तर तीनदा बदलली. ती एक सवय मात्र आमच्या काळातल्या आमच्यासारख्यांनी घालून दिली, ती तशीच आहे.

मी तिला ते जुन्या डॉक्टरांचे दोन प्रश्न लिहून दिले. ती ते खिशातल्या डायरीत घेऊन जाते. परवा तिने मला एक केसपेपर वाचून दाखवला, नाव झाकून. व्यसन या शब्दापुढे तिच्या अक्षरात होते: देशी, रोज दोन पाव, तेरा वर्षे, शेवटची काल रात्री साडेआठला. त्याच्या खालच्या ओळीत: थायमिन दिले, मग सलाईन.